दैवाचे चाक कोण फिरवते?

स्मरणिकेसाठी मी टॅरोच्या एका पत्त्यावर लिहिणार आहे हे कळल्यावर संपादक मंडळातील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी सरळ विचारले, "सर, आपल्या स्मरणिकेत भविष्य सांगणाऱ्यांना जागा कशाला?" त्यांचा आक्षेप समजण्यासारखा आहे. दीघनिकायाच्या पहिल्याच सुत्तात, ब्रह्मजाल सुत्तात, अंगावरच्या खुणांवरून, स्वप्नांवरून, शकुनांवरून, इतकेच काय, उंदरांनी कुरतडलेल्या वस्त्रावरून भविष्य सांगून पोट भरणे ही श्रमणाला न शोभणारी उपजीविका म्हटली आहे. त्या यादीत पत्ते नाहीत, कारण पत्ते तेव्हा जन्मालाच आले नव्हते. असते तर उंदरांच्या शेजारी त्यांनाही जागा मिळाली असती, याविषयी मला शंका नाही.

तरीही लिहितो आहे. मला ज्या पत्त्याविषयी बोलायचे आहे त्यावर एक चाक आहे, आणि चाक ही आपल्या घरची खूण आहे. विहाराच्या दारावर, वंदनेच्या सभागृहात, राष्ट्रध्वजाच्या मध्यभागी आपण ते रोज पाहतो. दोन चाके दिसायला सारखी असली म्हणजे ती एकाच दिशेला नेतात असे नाही, हे आपल्या मुलांना कुणीतरी नीट समजावून सांगायला हवे.

निमित्तही घडले. आपल्याच वसतिगृहात वाढलेल्या आणि सध्या पुण्यात राहून स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याने गेल्या वर्षी मला मोबाइलवर त्या पत्त्याचे छायाचित्र पाठवले. निवड यादीच्या उंबरठ्यावरून तो दोनदा परतला होता. फोनवरून टॅरो पाहणाऱ्या कुणा बाईंनी त्याच्यासाठी पत्ता काढला आणि सांगितले, की चाक वळायला लागले आहे, दिवाळीनंतर वर याल, तोवर नवीन काही हाती घेऊ नका. त्याने मला विचारले ते एवढेच : "सर, या चित्रात नेमके काय काय आहे?" भविष्य खरे की खोटे, हे त्याने विचारले नाही. चित्रकलेच्या शिक्षकाला विचारावा तसा प्रश्न विचारला, आणि मला तो फार आवडला. त्याला फोनवर जे थोडक्यात सांगितले तेच येथे जरा विस्ताराने मांडतो.

टॅरोच्या संचात ७८ पत्ते असतात. त्यांपैकी ५६ आपल्या नेहमीच्या पत्त्यांचे भाऊबंद. त्यांतही चार रंग असतात आणि एक्का, राजा, राणी असतात. उरलेले २२ चित्रांचे. त्या बावीसांतला दहावा पत्ता म्हणजे दैवाचे चाक. आज बाजारात जो संच सर्वाधिक चालतो तो १९०९ साली लंडनच्या रायडर या प्रकाशनसंस्थेने काढला. त्याची कल्पना आर्थर एडवर्ड वेट यांची आणि चित्रे पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीची. माझ्या विद्यार्थ्याने पाठवलेले छायाचित्र याच संचातले होते.

निळ्या आकाशात, ढगांच्या मधोमध, एक मोठे नारिंगी चाक. त्याच्या कडेला चार रोमन अक्षरे आहेत. वरून, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वाचत पुन्हा वर आलो तर 'टॅरोट' हा शब्द होतो. खालून सुरुवात केली तर 'रोटा', म्हणजे लॅटिन भाषेत चाक. या अक्षरांच्या मधल्या जागांत हिब्रू लिपीतील चार अक्षरे, ज्यांनी यहुदी धर्मात ईश्वराचे नाव लिहिले जाते. आतल्या वर्तुळात किमयागारांची चिन्हे : पारा, गंधक, मीठ, पाणी. चाकाच्या माथ्यावर हातात तलवार घेतलेला निळा स्फिंक्स निवांत बसला आहे. डाव्या बाजूने एक साप खाली उतरतो आहे आणि खालून उजवीकडे कोल्ह्याच्या तोंडाची, माणसाच्या धडाची एक तांबूस आकृती चाकाबरोबर वर निघाली आहे. चारही कोपऱ्यांत पंख असलेले मानव, गरुड, बैल आणि सिंह पुस्तके उघडून वाचत बसले आहेत. हे चौघे बायबलमधल्या दृष्टान्तांतून आलेले असून चर्चच्या परंपरेत ते चार शुभवर्तमानकारांची प्रतीके मानले जातात.

मजकूर पुष्कळ आहे. इजिप्त आहे, यहुदी गूढविद्या आहे, ख्रिस्ती धर्म आहे, किमया आहे. फक्त चाकावर एकही माणूस नाही, आणि चाक फिरवणारेही कुणी नाही. चित्र पाहताना काय आहे ते सगळेच सांगतात. काय नाही, ते विचारायची सवय मी वर्गात मुलांना लावत असे. या पत्त्याची सगळी गोष्ट त्या दोन रिकाम्या जागांत आहे.

कारण हे चाक पूर्वी माणसांनी भरलेले होते.

इ.स. ५२४ च्या सुमारास उत्तर इटलीतील पाविया येथे एक विद्वान कैदी मृत्युदंडाची वाट पाहत होता. त्याचे नाव बोएथियस. ५१० साली तो रोमचा कॉन्सल होता, ५२२ मध्ये त्याच्या दोन्ही मुलांना एकाच वेळी तो मान मिळाला, आणि नंतर थोड्याच काळात राजा थिओडोरिकने राजद्रोहाच्या आरोपावरून त्याला कैद केले. तुरुंगात त्याने 'तत्त्वज्ञानाचे सांत्वन' हा ग्रंथ लिहिला. त्यात फोर्च्युना, म्हणजे दैवाची देवता, आपली बाजू मांडते. तिच्या म्हणण्याचा आशय असा, की चाक फिरवणे हाच माझा खेळ आहे, वर चढायचे तर खुशाल चढा, पण उतरताना माझ्या नावाने रडू नका. पुढची हजार वर्षे युरोपने हे चित्र सोडले नाही. व्हेरोनाच्या सान झेनो चर्चच्या आणि बाझेलच्या कॅथेड्रलच्या गोल खिडक्यांभोवती दगडी माणसे चाकावरून चढताना आणि कोसळताना आजही दिसतात. आपल्याला हे फारसे परके वाटू नये. मेघदूतातला यक्ष आपल्या पत्नीची समजूत याच चाकाच्या दृष्टान्ताने काढतो, आणि आपल्या बोलीत तर विहिरीवरचे रहाटगाडगे आहेच.

मग पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात उत्तर इटलीत पत्त्यांचा एक नवा खेळ निघाला. त्यात नेहमीच्या पत्त्यांना चित्रांच्या हुकमांची जोड होती. त्यातून भविष्य पाहत नसत. दरबारातले स्त्रीपुरुष संध्याकाळी बसून हात मोजत आणि जिंकत-हरत. मिलानच्या विस्कोंती आणि स्फोर्झा या घराण्यांसाठी १४५० च्या सुमारास सोन्याच्या वर्खावर रंगवलेला एक संच आज न्यूयॉर्कचे मॉर्गन ग्रंथालय आणि इटलीतील बेर्गामो येथे विभागून जपलेला आहे. त्यातला चाकाचा पत्ता पाहण्यासारखा आहे. मध्यभागी डोळ्यांवर पट्टी बांधलेली, पंख असलेली फोर्च्युना. तिच्याभोवती चार माणसे. चढणारा म्हणतो, मी राज्य करीन. माथ्यावरचा म्हणतो, मी राज्य करतो. उतरणारा म्हणतो, मी राज्य केले. आणि चाकाखाली ओणवा झालेला पांढऱ्या दाढीचा म्हातारा म्हणतो, मला राज्य नाही. चित्रकाराचा खट्याळपणा असा, की चढणाऱ्याच्या डोक्यावर गाढवाचे कान उगवू लागले आहेत, माथ्यावरच्याला ते पूर्ण फुटले आहेत, आणि उतरणाऱ्याला गाढवाची शेपटी आली आहे. पूर्ण माणूस आहे तो फक्त खालचा म्हातारा.

हा पत्ता कुणाच्या हातात असे, ते ध्यानात घेतले पाहिजे. फ्रान्चेस्को स्फोर्झा हा भाड्याने लढणाऱ्या सैन्याचा सेनानी, त्यातही अनौरस. मिलानच्या ड्यूकच्या मुलीशी त्याने लग्न केले आणि १४५० मध्ये स्वतःच ड्यूक झाला. म्हणजे चाकाच्या माथ्यावर नुकताच चढलेला माणूस गाढवाच्या कानांचे ते चित्र हातात धरून खेळत होता. त्याचा मुलगा लुदोविको याने लिओनार्दोकडून 'लास्ट सपर' रंगवून घेतले. १४९९ मध्ये फ्रेंचांनी त्याला मिलानमधून हुसकले, पुढच्या वर्षी तो पकडला गेला आणि १५०८ मध्ये फ्रान्समधील लोशच्या किल्ल्यात बंदिवासातच मेला. पत्त्यावरच्या चारही ओळी एका घराण्यात पन्नास-साठ वर्षांत म्हणून झाल्या.

हा पत्ता मुळात वर बसलेल्याला उद्देशून होता, हे या लेखात मला सांगायचे आहे. सिंहासनावर बसलेल्या माणसाला आरसा दाखवण्याचे ते काम होते. तळाच्या म्हाताऱ्याला तो पत्ता काहीही वचन देत नाही. थांब, तुझी पाळी येईल, असे त्यात कुठेही लिहिलेले नाही.

मग हे सारे उलटे कसे झाले? याचे श्रेय बऱ्याच अंशी अठराव्या शतकातील एका फ्रेंच विद्वानाच्या उत्साहाला जाते. कूर द जेब्लां याने १७८१ मध्ये जाहीर केले, की टॅरो म्हणजे प्राचीन इजिप्तच्या पुरोहितांचे गुप्त ज्ञान. पुरावा काही नव्हता. इजिप्तची चित्रलिपी शांपोलियोंने उलगडली ती १८२२ मध्ये, म्हणजे जेब्लांच्या काळी ती वाचता येणारा एकही माणूस जगात नव्हता. वाचता येत नसलेल्या लिपीवर काहीही लादता येते, त्यामुळे कल्पना झपाट्याने पसरली. काही वर्षांतच एतेइया या नावाने वावरणाऱ्या पॅरिसच्या एका माणसाने टॅरोवरून भविष्य सांगण्याचा रीतसर व्यवसाय आणि त्यावरची पुस्तके सुरू केली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास एलिफास लेव्हीने हिब्रू अक्षरे आणि स्फिंक्स आणले, आणि वेट यांनी ते लेव्हीकडून उचलले. जी अक्षरे पाहून लोक आज 'हजारो वर्षांची विद्या' म्हणून हात जोडतात, ती या चाकावर येऊन दोनशे वर्षेही झालेली नाहीत. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ मायकेल डमेट यांनी १९८० मध्ये टॅरोच्या खेळावर जाडजूड ग्रंथ लिहून हा सगळा इतिहास मांडला. फ्रान्समध्ये आजही कितीतरी लोक टॅरो नुसता खेळ म्हणून खेळतात, हे येथे सांगितले तर कुणाला पटत नाही.

या प्रवासात फोर्च्युना कधी नाहीशी झाली? मार्सेय शैलीच्या जुन्या फ्रेंच संचांतच ती नाही. तेथे लाकडी घोडीवर एक चाक आहे, त्यावर तीन प्राणी आहेत, चाकाला फिरवायचा दांडाही आहे, पण दांड्यावर हात नाही. वेट यांच्या पत्त्यात दांडाही गेला. चाक ढगांत आपोआप फिरते.

आणि अर्थ? वेट यांनी संचाबरोबर मार्गदर्शक पुस्तक लिहिले. त्यात या पत्त्याचे अर्थ दिले आहेत ते नियती, नशीब, यश, उन्नती, भाग्य, सुख. पत्ता उलटा पडला तर? वाढ, विपुलता, रेलचेल. सुलटा पडो की उलटा, चाक वरच नेते! उतरणारा माणूस चित्रातून गेला आणि उतरणेही अर्थातून गेले. हजार वर्षांच्या चित्रातली एक बाजूच कापून टाकली गेली. पाहणाऱ्याकडून पैसे घेऊन विकायच्या पत्त्याचे असे होणे साहजिक आहे. राजाला टोचणारे चित्र राजाने विकत घेतले तर ते दिवाणखान्यात शोभते. बेरोजगाराला ते विकायचे तर गोड करूनच द्यावे लागते. आपल्याकडच्या वाहिन्यांवर आणि साप्ताहिक पुरवण्यांत तर आता राशीनिहाय टॅरो येतो, म्हणजे मेष ते मीन बारा राशींना बारा पत्ते. इटलीतल्या त्या खेळाडूंनी हे पाहिले असते तर डाव मोडून उठले असते.

ज्या हाताने हे चाक रंगवले त्या हाताविषयीही दोन शब्द सांगायला हवेत, कारण तिचे नाव फार उशिरा घेतले जाऊ लागले. पामेला कोलमन स्मिथ १८७८ मध्ये लंडनमध्ये अमेरिकन आईबापांच्या पोटी जन्मली. बालपणीची काही वर्षे जमैकात गेली, ब्रुकलिनच्या प्रॅट संस्थेत ती चित्रकला शिकली. टॅरोची चित्रे तिने १९०९ मध्ये काही महिन्यांत पूर्ण केली आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कमधील छायाचित्रकार आल्फ्रेड स्टीग्लिट्झ यांना पत्रातून कळवले, की फार मोठे काम अगदी थोड्या पैशांत करून दिले. एकरकमी मोबदला मिळाला, पुढच्या विक्रीत वाटा नव्हता. हा संच प्रकाशक आणि वेट यांच्या नावांनी 'रायडर-वेट' म्हणून जगभर विकला गेला. चित्रांवर कोपऱ्यात तिची नागमोडी आद्याक्षरे आहेत, तेवढीच तिची खूण. १९५१ मध्ये कॉर्नवॉलमधील ब्यूड या गावी ती वारली तेव्हा देणी इतकी होती, की तिचे सामान आणि चित्रे लिलावात काढावी लागली.

हे वाचून कुणी म्हणेल, नशीब बिचारीचे! मला तसे म्हणता येत नाही. तो एक करार होता. त्यात एका बाजूला प्रकाशनसंस्था होती, दुसऱ्या बाजूला एकटी बाई, आणि चित्रकाराला कितपत हक्क असावा याविषयी त्या काळची एक समजूत होती. कारणे दिसत असताना दैवाचे नाव घेणे म्हणजे कारणांवर पांघरूण घालणे. बोएथियसने तरी वेगळे काय केले? दैवाच्या चाकाची गोष्ट सांगण्यापूर्वी, त्याच ग्रंथाच्या पहिल्या भागात, त्याने आपल्यावर खोटे आरोप करणाऱ्यांची नावे एकेक करून लिहून ठेवली आहेत. मागाहून ते चाक घेऊन पुढे गेलेल्यांनी नावांचे पान मागे टाकले.

चाकाविषयीची अशीच एक गफलत आपल्या महाराष्ट्रातही घडली आहे. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात, ओसरीच्या भिंतीवर, एका मोठ्या चक्राचे चित्र आहे. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातले, आज बरेचसे झडून गेलेले. एकोणिसाव्या शतकात तेथे आलेल्या इंग्रजांनी ते वर्तुळ आणि त्यातले कप्पे पाहिले आणि राशिचक्र समजून त्या लेण्याला 'झोडिअॅक केव्ह' असे नाव देऊन टाकले. ते भवचक्र होते. या चित्राची हकीकत दिव्यावदानात आली आहे. भगवंतांनी सांगितले, की विहाराच्या दारातल्या कोठीत पाच गतींचे चक्र रंगवावे. मध्यभागी पारवा, साप आणि डुक्कर काढावे, म्हणजे राग, द्वेष आणि मोह. कडेने प्रतीत्यसमुत्पादाची बारा अंगे काढावीत, सुलट्या क्रमाने आणि उलट्या क्रमाने. सारे चक्र अनित्यतेच्या तोंडात असावे. आणि बुद्धाची आकृती निर्वाणाच्या वर्तुळाकडे बोट दाखवत असावी.

आता ही दोन चाके शेजारी ठेवून पाहा. साप दोन्हींत आहे. एकात तो कडेवरून खाली घसरतो, दुसऱ्यात तो आसाशी आहे, चाक फिरवणाऱ्या तिघांपैकी एक. वेट यांच्या चाकाच्या आसाशी किमयेची चिन्हे आहेत, ज्यांचा उलगडा जाणकारानेच करायचा. भवचक्राच्या आसाशी असलेले विकार कुणालाही आपल्या मनात सापडतात. आणि बारा अंगे दोन क्रमांनी काढायला सांगितली यात फार मोठी गोष्ट आहे. अविद्येतून दुःखापर्यंतची साखळी जशी जुळते तशी ती सुटतेही, आणि सुटण्याचा क्रमसुद्धा चित्रात दाखवायचा आहे. दैवाच्या चाकाला अशी उलटी गती नाही. तेथे वर आणि खाली आहे, बाहेर नाही.

लाभ-अलाभ, यश-अपयश, निंदा-स्तुती, सुख-दुःख हे आठ लोकधर्म जगाच्या मागे फिरत राहतात, हे अंगुत्तरनिकायातही आले आहे. चढउतार नाकारायचे कारणच नाही. मिलानच्या त्या पत्त्याशी बौद्ध विचाराचे भांडण मला दिसत नाही. उलट, गाढवाचे ते कान पाहून एखादा भिक्खू मनापासून हसला असता. भांडण आहे ते पुढच्या गोड केलेल्या चाकाशी आणि खालच्या माणसाला 'थांब' सांगण्याशी.

आपल्या समाजाला हा शब्द नवा नाही. पिढ्यान्‌पिढ्या आपल्या आज्यापणज्यांना हेच ऐकवले गेले, की मागच्या जन्मीचे भोग आहेत, हा जन्म निमूट काढ, पुढच्या जन्मी चाक फिरेल. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात गतजन्मीच्या कर्माची ही कल्पना बुद्धाची नव्हे, असे निक्षून मांडले. गरिबांच्या दुर्दशेची जबाबदारी समाजाला आणि राज्याला झटकता यावी, हाच त्या सिद्धान्ताचा उपयोग झाल्याचे त्यांनी दाखवले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात जे झाले त्याला आपण धम्मचक्र प्रवर्तन म्हणतो. प्रवर्तन म्हणजे फिरवणे. तेथे चाकावर बसून वर येण्याची वाट पाहणारे कुणी नव्हते.

काही सुशिक्षित पालक मला म्हणतात, यात एवढे गंभीर होण्यासारखे काय आहे? मुलगी घाबरलेली असते, पत्ता पाहून तिला बरे वाटते, मन मोकळे होते. मन मोकळे होण्याविरुद्ध माझी तक्रार नाही. कुणी ते चित्र समोर ठेवून स्वतःच्या आयुष्याचा शांतपणे विचार करीत असेल, तर चित्रांचा याहून चांगला उपयोग मला ठाऊक नाही. पण फी भरून दुसऱ्याच्या तोंडून 'नवीन काही हाती घेऊ नका' हे ऐकणे निराळे. ज्या मुलाविषयी वर लिहिले, त्याला दिवाळीपर्यंत थांबायला सांगितले गेले त्याच पंधरवड्यात दुसऱ्या एका परीक्षेच्या अर्जाची मुदत संपत होती. श्रीमंताच्या मुलाचे एक वर्ष गेले तर घरात थोडी कुरकुर होते. आपल्या मुलांच्या मागे भाड्याच्या खोलीचा हिशेब असतो, खानावळीची थकबाकी असते, गावाकडे मजुरीला जाणारी आई असते, आणि वयोमर्यादेचा आकडा दरवर्षी जवळ येत असतो. त्यांच्यासाठी 'थांबा' हा सल्ला फार महाग असतो. आम्ही दोघांनी त्या संध्याकाळी फोनवर त्याच्या मागच्या दोन निकालांचे गुण विषयवार मांडले. एका विषयात तो दोन्ही वेळा त्याच ठिकाणी अडला होता. अर्ज त्याने भरला.

संपादक मंडळाला आणि शाळेच्या व्यवस्थापनाला माझी एक सूचना आहे. टॅरो वाईट, त्याच्या जवळ जाऊ नका, असा फलक लावून काही होत नाही. मुले मोबाइलवर तो रोज पाहतात. त्यापेक्षा चित्रकला वर्गाबाहेरच्या भिंतीवर तीन चित्रांच्या मोठ्या छापील प्रती लावाव्यात : मिलानचा गाढवाच्या कानांचा पत्ता, पामेला कोलमन स्मिथ यांचा निळ्या स्फिंक्सचा पत्ता, तिचे पूर्ण नाव खाली लिहून, आणि अजिंठ्याच्या भवचक्राची रेखाप्रत. शेवटची प्रत माजी विद्यार्थ्यांपैकी जे कलाशिक्षक झाले आहेत त्यांनी काढून द्यावी. तो मान त्यांचा आहे.

दिव्यावदानातल्या त्या कथेत चित्राबरोबर आणखी एक सोय सांगितली आहे. येणाऱ्याजाणाऱ्यांना चक्र समजावून सांगण्यासाठी दारात एका भिक्खूची नेमणूक करावी, असे तेथे म्हटले आहे. आपण ते काम नववीच्या मुलामुलींना आळीपाळीने द्यावे. पालकभेटीच्या रविवारी एकेकाने दोन तास भिंतीपाशी उभे राहावे, आणि आलेल्या प्रत्येक पालकाला आधी हेच विचारावे, की या तीन चाकांपैकी कुठले चाक कोण फिरवते आहे, ते चित्रात दाखवा.